स्टेशन हवं, पण नेमकं कुठे?



आज एक साधा प्रश्न. तुमच्या घरापासून मेट्रो स्टेशन किती लांब असावं असं तुम्हाला वाटतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : पाच-दहा मिनिटं चालत. त्याहून लांब असेल तर रिक्षा करावी लागते. आणि त्याहून जवळ, म्हणजे अगदी आपल्या गॅलरीसमोर असेल तर? मग मात्र चेहरे बदलतात. आवाज, गर्दी, पार्किंग, खोदकाम, धूळ. स्टेशनच्या जागी बसचा डेपो किंवा मेट्रोची कारशेड म्हणा, मग तर कोणीच हात वर करत नाही.

म्हणजे सोय सगळ्यांना हवी, पण तिची जागा मात्र दुसऱ्याच्या दारात. यावर आपण हसतो आणि "लोकांना विकास नको असतो" असं म्हणून मोकळे होतो. पण खरंच तसं असतं का? आजच्या लेखात हेच जरा नीट बघूया. सुरुवात जयपूरच्या मानसरोवरपासून, मग मुंबई-पुणे, आणि मध्ये एक छोटी चक्कर जपानचीही.

मानसरोवर ते बडी चौपड : एकाच मार्गाची दोन टोकं

मानसरोवर ही जयपूरच्या दक्षिण-पश्चिमेची भलीमोठी वसाहत. राजस्थान हाउसिंग बोर्डाने आखलेली, म्हणून रस्ते रुंद आणि सेक्टर नीट पाडलेले. जयपूर मेट्रोचं काम २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, आणि ३ जून २०१५ रोजी मानसरोवर ते चांदपोल हा पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला. सुमारे साडेनऊ किलोमीटर आणि नऊ स्टेशनं. गाड्या जिथे उभ्या राहतात, धुतल्या जातात, दुरुस्त होतात, तो डेपोही मानसरोवरलाच आहे. वाटेत एका भागात तर खाली वाहनांचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो, अशी दुमजली रचना केली आहे. एकाच जागेत दोन कामं झाली की दुसऱ्यांदा कोणाची जमीन मागावी लागत नाही.

आता मार्गाचं दुसरं टोक बघा. चांदपोलच्या पुढे परकोट्यातलं जुनं जयपूर सुरू होतं. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं शहर. चांदपोलपासून सूरजपोलपर्यंत सरळ जाणारा मुख्य रस्ता, त्यावर छोटी चौपड, बडी चौपड, रामगंज चौपड, दोन्ही बाजूंना एकसारखी दुकानं. पुढच्या टप्प्याचा बोगदा याच रस्त्याखालून न्यायचा होता, आणि दोन स्टेशनं छोटी आणि बडी चौपडीच्या पोटात. बडी चौपडीला तर हवामहल हाकेच्या अंतरावर.

इथे वाद पेटला, आणि तोही एक नव्हता. वारसा जपणाऱ्यांना जुन्या इमारतींची काळजी होती. व्यापाऱ्यांना काळजी होती की दुकानासमोर वर्षानुवर्षं पत्रे उभे राहिले तर गिऱ्हाईक येणार कुठून. भाविकांचा राग मंदिरांवरून होता. कामाच्या आड येणारी काही मंदिरं हटवली गेली, त्यात छोटी चौपडीजवळचं रोजगारेश्वर महादेवाचं मंदिरही होतं. त्याच्या निषेधार्थ जुलै २०१५ मध्ये शहरात चक्का जाम झाला. खोदताना चौपडींच्या खाली जुनी कुंडं सापडली, तेव्हा त्यांचं काय करायचं हा नवा प्रश्न उभा राहिला. शेवटी दगडांना क्रमांक देऊन ते काढून ठेवायचे आणि पुन्हा रचायचे, असा मार्ग निघाला.

जुलै २०१९ मध्ये हे परकोट्याचं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आणि त्याच्याच पोटातून जाणारी ती दोन स्टेशनं २३ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाली. जेमतेम दोन-अडीच किलोमीटरचा तुकडा, पण पहिल्या टप्प्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ लागला. जमिनीखालचं काम मुळातच सावकाश होतं, त्यामुळे सगळा दोष वादाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चौपडीवर नाराज असलेल्यांपैकी कितीजण "मेट्रोच नको" म्हणत होते? त्यांचं म्हणणं होतं : आमचं मंदिर, आमचं दुकान, आमची चौपड, यांचं काय करणार ते आधी सांगा.

भांडण जागेचं दिसतं, असतं हिशोबाचं

स्टेशन, डेपो, बसस्टँड, विमानतळ या सगळ्यांचा एक सारखा स्वभाव आहे. फायदा लाखो लोकांना थोडा थोडा होतो. रोजची वीस मिनिटं वाचतात, पेट्रोल वाचतं. त्रास मात्र थोड्याच लोकांना होतो आणि तो भरपूर होतो. कोणाचं घर जातं, कोणाचं दुकान, कोणाचं शेत, कोणाची झाडं.

लाखो लोक आपल्या वीस मिनिटांसाठी सभेला जात नाहीत. घर जाणारा माणूस मात्र जातोच, आणि त्याने जायलाच हवं. म्हणून बाहेरून बघताना वाटतं की विरोधकच फार आहेत. आणि अधिकाऱ्यांना वाटतं की मूठभर लोक सगळ्यांची अडवणूक करत आहेत. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं, कारण दोघंही हिशोबाची आपापली अर्धी बाजू बघत असतात.

मग "स्टेशन इथे की तिथे" एवढंच विचारून भागत नाही. सगळ्यांच्या सोयीसाठी जो झळ सोसणार आहे, त्याला आपण काय देणार? आणि त्याला विचारणार कधी? नकाशावर रेघ मारण्याआधी की मारल्यानंतर?

आरे की कांजूरमार्ग : आठ-नऊ वर्षांची ओढाताण

"नंतर" विचारलं तर काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो ३, साडेतेहतीस किलोमीटरची. तिची कारशेड गोरेगावच्या आरे कॉलनीत ठरली. मुंबईसारख्या शहरात एवढी सलग सरकारी जमीन दुसरीकडे मिळणं कठीण, हे सरकारचं म्हणणं. आरे म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेली हिरवी जागा, तिथे आदिवासी पाडे आहेत, बिबट्यांचा वावर आहे, हे विरोध करणाऱ्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू खोट्या नव्हत्या.

२०१५ मध्ये नेमलेल्या समितीसमोर कांजूरमार्गचा पर्यायही आला होता. पण वाद मिटला नाही. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. दोन हजारांहून जास्त झाडं गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली, पण तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. ज्यांना कारशेडशी काही घेणंदेणं नव्हतं, अशा लोकांनाही "रात्रीत का?" हा प्रश्न पडला.

पुढे सरकार बदललं. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याची घोषणा झाली. पण तिथल्या जमिनीच्या मालकीवरच केंद्र आणि राज्य यांच्यात वाद होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्या जागेचं हस्तांतर रोखलं. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली. प्रत्यक्षात परवानगी १७७ झाडांसाठी निघाली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपयांचा दंड केला.

शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी गाडी धावली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत गेली. सुरुवातीला २३ हजार कोटींच्या आसपास असलेला खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. ही वाढ फक्त कारशेडच्या वादामुळे झाली असं नाही, पण उशिराचं बिल कोणालातरी भरावं लागतंच, आणि ते आपणच भरतो.

आता विचार करा, या सगळ्यात जिंकलं कोण? झाडं गेली, पैसा गेला, वर्षं गेली. जागा तर सुरुवातीला ठरली होती तीच राहिली. आणि लोकांचा विश्वास? तो अजून परत यायचाच आहे.

गिरगावचं वेगळं उदाहरण

याच मेट्रो ३ च्या मार्गावर गिरगाव आणि काळबादेवी आहेत. मराठी माणसाला या दोन नावांबद्दल काही सांगायला नको. चाळी, पागडीची घरं, गणेशोत्सव, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. स्टेशनांसाठी यातल्या काही इमारती पाडाव्या लागणार हे कळलं, तेव्हा २०१५ च्या सुमारास तिथे मोठा विरोध झाला. भीती स्पष्ट होती : आम्हाला इथून उचलून दूर उपनगरात टाकतील. मग शाळा, देऊळ, शेजारी, ओळखीचा डॉक्टर, सगळंच तुटेल.

इथे तोडगा स्टेशनची जागा बदलून निघाला नाही. तोडगा निघाला तो भीतीचं नेमकं कारण ओळखून. बाधित कुटुंबांचं पुनर्वसन त्याच भागात, नव्या इमारतींमध्ये करायचं ठरलं. वचन दिलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, कारण अशा वचनाची खरी परीक्षा घराची किल्ली हातात पडते त्या दिवशी होते. पण बोलणं "हलणार नाही" वरून "हललो तर कुठे, कधी आणि किती दिवसांसाठी" यावर आलं. ज्या वादात प्रश्न असा बदलतो, तो वाद सुटायच्या मार्गाला लागतो.

नवी मुंबई विमानतळाच्या बाबतीतही असंच काहीसं झालं. गावंच्या गावं हलणार होती. नुसत्या पैशाच्या मोबदल्याऐवजी विकसित जमिनीतला साडेबावीस टक्के वाटा देण्याची योजना आली. या भागात जमिनीच्या बदल्यात विकसित जमीन मागण्याची परंपरा जुनी आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना आली. म्हणजे "योग्य मोबदला" ही गोष्ट इथे कोणी आपणहून ताटात वाढून दिलेली नाही.

"तात्पुरतं" या शब्दाची गंमत

पुणेकरांना हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९ च्या डिसेंबरअखेर वाकडेवाडीला हलवलं. तात्पुरतं. शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन ऑगस्ट २०२३ मध्ये सुरूही झालं, पण एसटी मात्र त्यानंतरही वाकडेवाडीहूनच सुटत राहिली. रेल्वेने उतरून एसटी पकडणारी आजी, बॅगा घेऊन आलेला विद्यार्थी, यांना मधलं अंतर रिक्षाने कापावं लागतं.

इथे मोर्चे निघाले नाहीत, रात्रीत झाडं पडली नाहीत, म्हणून बातमी मोठी झाली नाही. पण जागेचा हाही वादच आहे, फक्त मुका. ज्यांना त्रास होतो ते प्रवासी आज इथे असतात, उद्या गावाला पोहोचलेले असतात. त्यांची संघटना नसते. म्हणून "तात्पुरतं" म्हटलं की परतीची तारीख कागदावर मागायची, हे आपण शिकायला हवं.

जपानने पंचवीस वर्षांनी काय केलं?

विमानतळाच्या जागेवरून झालेलं जगातलं एक मोठं भांडण टोकियोजवळच्या नारिताचं. १९६६ मध्ये जपान सरकारने शेतकऱ्यांना न विचारताच तिथली जागा जाहीर केली. पुढची अनेक वर्षं पोलीस आणि आंदोलक समोरासमोर होते, आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली. उद्घाटनाच्या तोंडावर, मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रणा फोडली. विमानतळ मे महिन्यात एकाच धावपट्टीवर सुरू झाला.

१९९१ मध्ये, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षांनी, तटस्थ अभ्यासकांच्या पुढाकाराने सरकार आणि शेतकरी एका टेबलाशी बसले. बैठका उघड होत्या. पुढे सरकारने सक्तीने जमीन घेण्याचा मार्ग सोडून दिला. १९९५ मध्ये जपानच्या पंतप्रधानांनी शेतकऱ्यांची माफी मागितली. सगळे लगेच गळ्यात पडले असं नाही. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये सुरू झाली तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण काही शेतकऱ्यांनी जमीन दिलीच नाही, आणि या वेळी ती ओढून घेतली गेली नाही.

म्हणजे जे बोलणं १९६६ मध्ये काही महिन्यांत झालं असतं, ते करायला पाव शतक आणि माणसांचे जीव लागले. फ्रान्सने यातून वेगळी वाट काढली. तिथे मोठ्या प्रकल्पांसाठी सार्वजनिक चर्चेचा एक स्वतंत्र आयोगच आहे. प्रकल्प पक्का होण्याआधी तो काही महिने लोकांची चर्चा घडवून आणतो, आणि त्यात "हा प्रकल्पच नको" हेही मत मांडता येतं.

मग वाद सुटतो कसा?

वरच्या सगळ्या गोष्टींमधून चार साध्या गोष्टी हाताला लागतात.

१. आधी विचारा. रेघ मारायच्या आधी विचारलेल्या माणसाशी बोलणी होतात. नंतर विचारलेल्या माणसाशी भांडण होतं.

२. सगळे पर्याय एकाच मापाने मोजा. दोन-तीन जागा, प्रत्येकीचा खर्च, झाडं, घरं, वेळ, जमिनीची मालकी, हे सगळं एका पानावर आणि लोकांच्या भाषेत. कांजूरमार्गच्या जमिनीचा मालकी वाद आधीच साफ झाला असता, तर मुंबईची दोन वर्षं वाचली असती.

३. ज्याचं जातं, त्याला आधी द्या. आणि जमेल तितकं जवळच द्या. घरामागे शेजार असतो, दुकानामागे गिऱ्हाईक असतं. त्यांची किंमत चेकवर लिहिता येत नाही.

४. पंच दोघांना मान्य हवा. न्यायालय कायदा काय म्हणतो ते सांगतं. स्टेशन कुठे शोभेल हे ठरवणं त्याचं काम नाही. ते काम बोलणीच्या टेबलावर व्हायला हवं, आणि टेबलाशी बसलेला मधला माणूस कोणाचा पगारी नसावा.

तुमच्या हातात काय आहे?

उद्या तुमच्या भागात स्टेशन, डेपो किंवा बसस्टँड येणार असं कानावर आलं, तर लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर तलवारी उपसू नका. आधी हे करून बघा.

• वर्तमानपत्रातल्या आणि सरकारी वेबसाइटवरच्या "हरकती व सूचना" जाहिरातींवर लक्ष ठेवा. राजस्थानात हेच "आपत्ति एवं सुझाव" या नावाने येतं. मुदत संपली की तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी कागदावर ते नसतं.

• माहितीच्या अधिकारात अर्ज करा. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी शुल्क १० रुपये आणि साधारण ३० दिवसांत उत्तर. विचारायचं एकच : दुसऱ्या कोणत्या जागा तपासल्या, आणि त्या का नाकारल्या?

• मेट्रोबाबत बोलत असाल तर हे लक्षात ठेवा : केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रस्तावाआधी पर्यायांची तुलना करावीच लागते. ती मागून घ्या.

• जमीन जाणार असेल तर कोणत्या कायद्याखाली जाणार ते पहिल्याच दिवशी विचारा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे. मेट्रो आणि रेल्वेच्या स्वतंत्र कायद्यांखाली जमीन घेतली तर ती अट लागत नाही, पण मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून त्यांनाही लागू आहेत.

• हरकत लिहिताना "नको" एवढंच लिहू नका. "इथे नको, कारण हे; तिथे चालेल, कारण ते" असं लिहा. पर्याय देणाऱ्याचा कागद बाजूला सारणं कठीण जातं.

• आणि सोसायटीत भाडेकरू, घरकाम करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचा भाजीवाला, यांनाही विचारा. स्टेशन सगळ्यांत जास्त त्यांनाच लागतं, आणि सभेला त्यांनाच बोलावलं जात नाही.

जयपूर मेट्रोचे पुढचे टप्पेही येत आहेत : बडी चौपडीहून ट्रान्सपोर्ट नगरकडे, मानसरोवरहून अजमेर रोडकडे. महाराष्ट्रात तर प्रत्येक मोठ्या शहरात नकाशे पसरलेले आहेत. म्हणजे हे प्रश्न आज ना उद्या तुमच्या-माझ्या गल्लीत येणारच आहेत. ते येतील तेव्हा आपण "विकासवाले" आणि "विरोधवाले" अशा दोन गटांत आधीच वाटले गेलो, तर आरेची गोष्ट पुन्हा घडेल. समोरच्याला "तुझं नेमकं काय जातंय?" असं विचारू शकलो, तर गिरगावसारखी वाट निघू शकते.

आज रात्री जेवताना घरात हा विषय काढून बघा. तुमच्या भागात बसस्टँड करायचं असेल तर ते कुठे करावं? आजोबांचं, आईचं आणि शाळेत जाणाऱ्या मुलीचं उत्तर वेगळं निघेल. एका घरातली तीन उत्तरं कशी जुळवायची ते ठरवायला बसलात, की शहर चालवणं किती अवघड आहे तेही कळेल, आणि ते जमू शकतं हेही.

भेटूया पुढच्या लेखात, नव्या विषयासह!